पुसलेला हात

ती घटना आठवली की आजही अंगावर काटा येतो.

मी तेव्हा महाड पोलीस ठाण्यात होतो. कापडे गावची एक विधवा बाई बेपत्ता झाली होती. तक्रार द्यायला आलेला तिचा भाऊ ओक्साबोक्शी रडत होता. "महाडच्या बाजारात जाते म्हणाली, परत आलीच नाय साहेब." बेपत्ता असल्याची नोंद, आमच्या भाषेत 'मिसिंग', दाखल झाली. एसटी स्टँडवर चौकशी केली, तिचा फोटो सगळीकडे पाठवला. भाऊ रोज येऊन ठाण्यातल्या बाकावर बसायचा.

एका दुपारी बाजारात फोटो स्टुडिओ चालवणारी मुलगी लॅपटॉप घेऊन आली.

"साहेब, मी फोटोतून एक बाई पुसलीय."

मला आधी काही कळेना. तिने दाखवलं. दोन नव्या इमारतींमध्ये दबलेली, घड्याळांच्या एका बंद पडलेल्या दुकानाची हाताने रंगवलेली पाटी तिने टिपली होती. नजर पाटीवरच ठरावी म्हणून तिने वायरी पुसल्या होत्या आणि उजवीकडच्या तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून बाहेर आलेला एक हातही. "तो हात लक्ष खेचून घेत होता," ती म्हणाली. पुढे आम्ही पाठवलेला फोटो तिच्या मोबाइलवर आला. चेहरा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला, म्हणून तिने मूळ फोटो मोठा करून पाहिला. गजांमागे तीच बाई होती.

लागोपाठ काढलेला दुसरा फोटो तिने उघडला आणि मी खुर्चीतून उठलोच. एक माणूस बाईला केसांना धरून आत ओढत होता. तो माणूस त्या क्षणी आमच्या बाकावर बसलेला होता.

त्याला आत बोलावलं. स्क्रीन त्याच्याकडे वळवली.

"ही कोण?"

त्याने मान खाली घातली.

"किल्ली?"

त्याने खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली.

महिला पोलीस आणि पंच घेऊन आम्ही त्या इमारतीचा जिना चढलो. खिडकी दाखवायला ती मुलगीही सोबत होती. शेजारीण दारात आली. "ती वेडी हाय ना? भावानंच सांगितलंय. रोज वरडते." जमीन विकायच्या कागदावर सही देत नाही, म्हणून सख्ख्या भावाने तिला कोंडलं होतं. पोलिसांत जा म्हणून आईने तगादा लावला, तेव्हा तक्रारही त्यानेच दिली होती.

बाई भिंतीला टेकून बसली होती. पाणी प्यायली आणि म्हणाली, "खाली एक पोरगी फोटो काढत व्हती. मला वाटलं, तिनं बघितलं."

मी वळून पाहिलं. ती मुलगी चौकटीला धरून खाली बसली होती.

एखाद्या बाईला वेडी म्हटलं की तिचं ओरडणं लोकांच्या कानांपर्यंत पोहोचत नाही, हे मी त्या जिन्यात शिकलो. त्यानंतर प्रत्येक मिसिंगचा तपास मी घरच्यांपासून सुरू केला, आणि त्यांतही सर्वांत जास्त रडणाऱ्यापासून.