आर्डिस झेलेंकाच्या दारावरची थाप

आमच्या ब्लूस्टेम गावात सोमवारी धुणं, मंगळवारी इस्त्री आणि बुधवारी शिवण, असा आठवड्याचा कायदाच होता. बायबलात तो कुठे लिहिलेला नाही. पण तो मोडणाऱ्या बाईकडे गाव ज्या नजरेनं बघे, ती नजर कोंबडीचोराच्याही वाट्याला येत नसे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आर्डिस झेलेंकानं जे केलं ते या सोमवारच्या जिवावर केलं.

आर्डिस आमच्याच गल्लीतली. बाप गावच्या डेअरीत लोणी काढायचा, आई खसखशीचं सारण भरून गोड पाव भाजायची. त्यांना त्यांच्या बोहेमियन भाषेत कोलाची म्हणतात. शेजारच्या घरात मर्ल फेन्स्के राहायचा. दोन घरांच्या मध्ये लायलॅकच्या झुडपांचं दाट कुंपण, आणि त्या कुंपणाला एक भगदाड. ते कुणी पाडलं हे दोन्ही घरांना ठाऊक होतं आणि दोन्ही घरं एकमेकांच्या पोराचं नाव घेत.

मी समोरच्या घरातला. आम्ही तिघं मिळून रेल्वेच्या पुलाखाली खेकडे धरायचो, जुन्या टायरमध्ये अंग मुडपून उतारावरून गडगडत जायचो. पळण्यात मर्लचा हात कुणी धरत नव्हता. डोकं मात्र आर्डिसचं. दुधाची गाडी ओढणारा एक म्हातारा घोडा होता. त्याला कुठल्या दारी थांबायचं ते पाठ होतं, गवळी लगाम हातातही धरत नसे. आर्डिसनं महिनाभर त्या घोड्याला रोज आमच्या शाळेसमोर सफरचंदाची फोड चारली. मग एके दिवशी घोडा शाळेसमोर जो थांबला तो हलेचना. गवळी खाली उतरून त्याची समजूत घालतोय, मास्तरीणबाई खिडकीत, आणि सगळा वर्ग हसून लोळतोय. आर्डिस तेवढी वहीत मान घालून गणित सोडवत होती.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात पोलिओ आला. पोहण्याचं तळं बंद झालं, चर्चची सहल बंद झाली. गल्लीत दोन घरांवर आरोग्यखात्याच्या पाट्या लागल्या, त्यातली एक झेलेंकांच्या. आर्डिसला शहरातल्या इस्पितळात नेलं. ती परतली तेव्हा बर्फ पडून गेलं होतं. डाव्या पायाला मांडीपर्यंत लोखंडी पट्ट्या, काखेत कुबड्या. गावानं तिच्याशी फार चांगलं वागायला सुरुवात केली. तिला तेच सोसेना.

आता मेच्या टोपलीची गोष्ट. आमच्याकडे मेच्या पहिल्या तारखेला पोरं कागदाची टोपली करतात. तिच्यात मक्याच्या लाह्या, गोळ्या आणि रानातली जांभळी फुलं. संध्याकाळची जेवणं उरकली की उजेड आहे तोवर ती टोपली दुसऱ्याच्या दाराला अडकवायची, दारावर थाप मारायची, ‘मेची टोपली!’ म्हणून ओरडायचं आणि पायात वारं भरल्यासारखं पळत सुटायचं. घरातलं पोर बाहेर येऊन पाठलाग करतं, आणि सापडलात तर मुका द्यावा लागतो. गोळ्या हे निमित्त, खरी मजा पळण्यात.

आर्डिस घरी आल्यानंतरच्या पहिल्या मेला गल्लीतल्या झाडून सगळ्या आयांनी पोरांना एकच बजावलं: झेलेंकांकडे टोपली ठेवा, पण दार वाजवू नका. बिचारी उठणार कशी, धावणार कशी? आम्ही एकेक करून पाय न वाजवता गेलो, टोपल्या ठेवल्या आणि पाय न वाजवता परत आलो. सकाळी झेलेंकाबाईंनी दार उघडलं तर पायरीभर टोपल्या. गल्लीत दुसऱ्या कुणाला एवढ्या मिळाल्या नव्हत्या. आर्डिसनं लाह्या कोंबड्यांना घातल्या. गोळ्याही घातल्या, पण त्या कोंबड्यांनी खाल्ल्या नाहीत.

पुढचं वर्ष गेलं. एप्रिल संपत आला तेव्हा मर्ल भगदाडाशी उभा राहून तिच्याशी बोलत होता. मीही होतो.

‘यंदा टोपली आणणार आहेस का रे?’ तिनं विचारलं.

‘आणीन की.’

‘दार वाजवणार?’

मर्ल बुटाच्या टोकानं माती उकरायला लागला. ‘आई म्हणते...’

‘तुझी आई काय म्हणते ते अख्ख्या गल्लीला ऐकू येतं. तू काय करणार ते सांग.’

‘अगं, पण तू...’

‘मर्ल्या, दार न वाजवता फुलं थडग्यावर ठेवतात. तसलीच ठेवायची असली तर मेच्या शेवटी सगळं गाव थडग्यांवर फुलं वाहतं, तोवर थांब आणि स्मशानात नेऊन ठेव. मी अजून इथं राहते.’

‘आणि वाजवलं तर?’

‘तर पळायचं. खरं पळायचं. लंगडत पळालास तर कुबडी फेकून मारीन.’

ती गेल्यावर मर्ल मला म्हणाला, ‘जोरात पळालो तर आई सालटं काढेल. हळू पळालो तर ही काढेल.’

‘मग नेऊच नको टोपली.’

‘तर मग ती परत कुणाशीच खेळायची नाही,’ तो म्हणाला.

त्या वर्षी पहिली मे सोमवारी आली.

जेवणानंतर मी आमच्या जळणाच्या ढिगामागे दबा धरून बसलो. मर्ल टोपली घेऊन आला, दाराच्या मुठीला अडकवली, आणि वळून आपल्या घराच्या खिडकीकडे बघून घेतलं. खिडकीत त्याची आई भांडी पुसत उभी होती. मग त्यानं थाप मारली. चांगली मूठ आवळून मारली. ‘मेची टोपली!’ आणि तिथंच उभा राहिला. आतून कुबडीचा आवाज येईना. फेन्स्केबाईंनी खिडकी वर सरकवली. ‘मर्ल! काय सांगितलं होतं मी तुला?’

तेवढ्यात घराच्या आत कुठूनतरी आवाज आला, ‘आले रे! पळ!’

मर्ल पळाला. इतका जोरात पळालेला मी त्याला पुढे तालुक्याच्या शर्यतीतही पाहिला नाही. घराला वळसा, हातपंपाला वळसा, की भगदाड. आम्ही सगळे नेहमी त्याच वाटेनं पळायचो. बाकी बाजूंना कोंबड्यांची जाळी होती, मागच्या अंगणातून बाहेर पडायला दुसरी वाट नव्हतीच. आर्डिस दीड वर्ष मागच्या पायरीवर बसून हेच बघत आली होती.

सोमवारचं धुणं दुपारीच वाळून घरात जातं. सोमवारच्या संध्याकाळी दोरीवर कपडा असणं आमच्या गावात कुणी पाहिलेलं नाही, म्हणून मर्लच्या ते स्वप्नातही नव्हतं. झेलेंकाबाईंच्या तीन चादरी मात्र दोरीवर होत्या, नेमक्या पंप आणि भगदाड यांच्या मध्ये. आर्डिसनं आईला हातापाया पडून त्या राहू द्यायला लावल्या होत्या, वर बादलीभर पाणीही ओतलं होतं, म्हणजे वाऱ्यानं उडून मागचं काही दिसायला नको. थाप ऐकून ती मागच्या दारानं दोन पावलं चालली आणि चादरीमागे उभी राहिली.

मर्ल तोंडावर ओली चादर घेऊन तिच्या अंगावर आदळला. दोरी तुटली. दोघं आणि तीन चादरी चिखलात.

आम्ही गल्लीतली पोरं धावत पोचलो तेव्हा आर्डिस चिखलात बसून चादरीतल्या मर्लचा पाय दोन्ही हातांनी धरून ओरडत होती, ‘धरला! धरला! बघा, धरला!’ फेन्स्केबाई हातातल्या फडक्यासकट आल्या, त्यांनी तोंड उघडलं, पोरीचा चेहरा बघितला आणि खाली वाकून तुटलेली दोरी गोळा करायला लागल्या.

‘हे चालत नाही,’ कोपऱ्यावरचा एक पोरगा म्हणाला. ‘ती पुढच्या दारानं आलीच नाही.’

‘कुठल्या दारानं यायचं ते कुठं ठरलंय?’ आर्डिस म्हणाली. ‘घरातून बाहेर यायचं, एवढंच.’

‘पण पाठलाग कुठं झाला?’

सगळ्यांनी मर्लकडे पाहिलं. त्यानं नाकातला चिखल शिंकरला. ‘मी सापडलो,’ तो म्हणाला. ‘संपलं.’

‘मग मुका घे त्याचा!’ पोरं ओरडली.

‘याचा? शी! आधी तोंड धू म्हणावं.’ मुक्याऐवजी तिनं त्याची टोपी काढून घेतली आणि ती तिच्याकडेच राहिली.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, झेलेंकांच्या अंगणात परत धुणं वाळत होतं. गावातल्या अर्ध्या बायका काही ना काही कामं काढून गल्लीतून चालून गेल्या. झेलेंकाबाई शांतपणे चिमटे लावत होत्या. त्यानंतर आर्डिसला खेळात घ्यायचं की नाही हा प्रश्न कुणी काढला नाही. उलट ती नसली की लपायच्या जागा कोण ठरवणार, अशी पंचाईत व्हायची.

पुढं मर्ल पोस्टमन झाला आणि त्यानं शेजारच्या गावच्या जॉइसशी लग्न केलं. आर्डिस लोखंडी सामानाच्या दुकानाच्या माडीवरच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये बसली. पोरं फोन उचलून नंबर सांगायची नाहीत, ‘आर्डिस, आई कुठंय?’ विचारायची, आणि ती खिडकीतून बघून सांगायची, ‘डेअरीवरून निघाली आत्ता. वाडगं धुऊन ठेव, नाहीतर मार खाशील.’ तिनं लग्न केलं नाही. विचारणारे दोघे होते. ती म्हणे, एक फार हळू बोलतो आणि दुसरा फारच बोलतो. डायलचे फोन आले, एक्सचेंज गेलं, तेव्हा ती धान्याच्या कोठारावर वजनकाट्याशी जाऊन बसली.

दर मेच्या पहिल्या तारखेला मर्ल तिचं दार वाजवून पळायचा. आधी पोर म्हणून, मग बाप्या म्हणून, मग टक्कल पडलेला पोस्टमन म्हणून. वाट दर वर्षी बदलायचा. तरी तीनचारदा तिनं त्याला धरलंच.

पन्नाशीत तिच्या कमरेचं ऑपरेशन झालं. एप्रिलभर ती अंथरुणावर होती. पहिल्या मेला मर्ल टोपली घेऊन गेला, दारापाशी थबकला, झोपली असेल असं म्हणाला आणि टोपली अडकवून पाय न वाजवता घरी आला. घरात शिरतो तोच फोन वाजला. जॉइसनं उचलला.

‘आर्डिस आहे,’ ती म्हणाली. ‘विचारतेय, न वाजवता दाराला फुलं लागलीत, कोण वारलं?’

मर्ल बूट न काढता परत फिरला. मी फेन्स्क्यांच्या ओसरीत बसलो होतो, सगळं बघितलं. त्यानं दारावर मूठ आवळून थाप मारली, ‘मेची टोपली!’ म्हणून ओरडला आणि त्या वयात, ते पोट घेऊन, घराला वळसा घालून खरोखर पळाला. वरच्या खिडकीतून आवाज आला, ‘पंपाशी आहेस मर्ल्या, दिसतोयस मला!’ पंपाशीच त्याचा पाय मुरगळला.

महिनाभर गावची पत्रं दुसऱ्यानं वाटली. दोन दिवसांनी झेलेंकांकडून फेन्स्क्यांकडे एक ताटलीभर कोलाची आली आणि तिच्यासोबत एक जुनी कुबडी. निरोप होता: वापरून झाली की परत कर, आणि आणताना दार वाजव.