तव्यावरचा अंतरा

माझ्या वडिलांची एकच रेकॉर्ड निघाली. ती चुकीची आहे असं मी म्हटलं की लोकांना राग येतो. ‘‘मॅडम, असं काय बोलता, बुवांचा आवाज काय लागलाय त्यात.’’ आवाज लागलाय, कोण नाही म्हणतंय? आवाजाबद्दल मी एक शब्द काढलेला नाही. मी अंतऱ्याबद्दल बोलते, आणि ते नीट ऐकून घ्यायला कोणाला फुरसत नसते. म्हणून आता लिहूनच टाकते, उगाच रोज तोंड वाजवायला नको.

बाबा ग्वाल्हेर दरबारच्या नोकरीत गवई होते. आम्ही गोरखीच्या, म्हणजे जुन्या राजवाड्याच्या, मागे भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो: आई, बाबा, मोठा दादा आणि मी. बाबांना त्यांच्या गुरूंकडून सकाळच्या रागातली एक चीज मिळाली होती. चिजेचे दोन तुकडे असतात, आधी अस्ताई आणि मग तिच्यावर चढणारा अंतरा. ही चीज वर्षातून एकदाच, दसऱ्याच्या सकाळी, महालातल्या पूजेच्या वेळी म्हणायची, एरवी कुठेही नाही, असं वचन गुरूंनी घेतलं होतं. घरात तिचा रियाज फक्त नवरात्रात, दार लावून व्हायचा. आई पलीकडे पोळ्या लाटत असायची, त्यामुळे लग्न होऊन आल्यापासून तिच्या कानावर ती पडत आलेली. मला मात्र तेवढा वेळ शेजारी पिटाळत. मुलगी परघरी जाते, चीज पदरात बांधून नेईल, ही भीती.

पण दादाचा गळा म्हणजे फुटका माठ. तेव्हा नाइलाजाने का होईना, बाबा मला शिकवायला बसले. सगळं दिलं, हात राखून नाही दिलं. फक्त ती चीज मागितली की म्हणायचे, ‘‘देईन. वेळ येऊ दे. तुझ्याशिवाय मला आहे कोण?’’ खरं सांगते, मला लुगडं नको होतं, दागिना नको होता. मला तेवढीच एक चीज हवी होती.

मग राज्य विलीन झालं. मध्य भारत हे नवं राज्य आलं, सरकार काही महिने आमच्याकडे आणि काही महिने इंदूरला बसू लागलं. दरबारातले कारकून नव्या ऑफिसांत सामावले गेले, दादालाही तिथे चिकटवून घेतलं. गवयाला कुठल्या टेबलावर बसवणार? बाबांची नोकरी गेली. नोकरीच राहिली नाही तिथे दसऱ्याची हजेरी कुठली? त्या वर्षी नवरात्रात त्यांनी दार लावलं, तंबोरा लावला, आणि नुसते बसून उठले. आईने विचारलं तर म्हणाले, ‘‘कोणासाठी घासू?’’

अशात दिल्लीच्या एका लहानशा रेकॉर्ड कंपनीचा माणूस मशीन घेऊन पडाव भागातल्या एका हॉटेलात उतरला. कंपनी कधीच बुडाली, नाव सांगून काय करू? त्याने गावातल्या जुन्या गवयांना निरोप धाडले. रेकॉर्डला आमच्याकडे तवा म्हणत, आणि तव्यावर गाणं म्हणजे बाटणं, असं बाबांच्या बरोबरीचे मानत. पण घरात दादाच्या पगारावर चौघं बसलेलो. बाबा गेले. तंबोऱ्याला मी.

हॉटेलच्या खोलीत भिंतींवर रजया टांगल्या होत्या, खिडक्या गच्च लावल्या होत्या. जवळच स्टेशन, इंजिनाची शिटी झाली की सगळं थांबायचं. घामाने आमची आंघोळ झाली. त्या माणसाने आधी हिशेब समजावला. ‘‘बुवा साहब, एकमुश्त ले लीजिए, या फिर जितनी बिके उतनी रॉयल्टी, हर साल.’’ बाबांनी क्षणभरही विचार केला नाही, रॉयल्टी म्हणाले. नंतर आईला त्यांनी समजावलं, ‘‘एकदम हातावर ठेवलं ती बिदागी. दरसाल येतं ती नेमणूक.’’ आई म्हणाली, ‘‘नेमणूक दरबाराने द्यायची, दुकानाने नाही.’’ पण ते खूश होते. पुन्हा कोणीतरी त्यांना बांधून ठेवलंय असं त्यांना वाटत होतं.

आणि मशीनसमोर त्यांनी म्हटली ती हीच चीज; अस्ताईचे बोल शेजारून पुसट कानावर आले होते, त्यावरून मी ओळखली. मी तंबोऱ्यावर बोटं फिरवत होते. अस्ताई झाली, मग अंतरा आला. मी कान टवकारून एकेक सूर टिपून घेतला. टांग्यातून परतताना मी तो गुणगुणले. मला वाटलं, बाबा शाबासकी देतील. ते हसले. ‘‘अगं, हा तो नव्हेच. अस्ताई खरी आहे, अंतरा मी आजच बसवला. गुरूंचा अंतरा मी त्या डबड्यात घालीन होय? पान थुंकणाऱ्यांच्या पुढे वाजेल तो.’’

तेव्हाचे गवई असं करायचे, त्यात त्यांना फसवणूक वाटत नसे. दाराशी आलेल्याला ताक द्यायचं, लोणी आत ठेवायचं. मला राग आला आणि बरंही वाटलं. म्हणजे माझं लोणी अजून आतच होतं.

रेकॉर्ड निघाली. बाड्यावर, म्हणजे भर बाजारातल्या चौकात, एका सिंधी गृहस्थाचं ग्रामोफोनचं नवं दुकान होतं. फाळणीत सगळं सोडून आलेला माणूस, बोलायला गोड. तो बाबांना म्हणाला, ‘‘बुवा साहब, आप बैठे रहेंगे तो ग्राहक रुकेगा.’’ झालं. बाबा रोज संध्याकाळी शेरवानी चढवून, फेटा बांधून दुकानात जाऊन बसू लागले. गिऱ्हाईक आलं की दुकानदार तवा लावायचा, बाबा मांडीवर ताल धरायचे, मान डोलवायचे. तोच तो तवा, तीच अस्ताई, तोच बनवलेला अंतरा. एक विकला गेला की बाबांचा चेहरा फुलायचा. घरी येऊन आईला सांगायचे, ‘‘आज एक वकील घेऊन गेला.’’ मी एकदा तिथून जाताना पाहिलं. दरबारात ज्यांच्यापुढे लोक हळू बोलत, ते बाबा रुमाल घेऊन तव्यावरची धूळ पुसत होते. मी घरी येऊन रडले. त्यांना सांगितलं नाही.

वर्षाकाठी मनीऑर्डर यायची. थोडकीच, पण बाबा ती देवापुढे ठेवायचे. मी म्हणायचे, ‘‘बाबा, आता तरी मला खरा अंतरा द्या ना.’’ ‘‘देईन. घाई काय आहे? मी कुठे पळून चाललोय?’’ नवरात्रं येत होती आणि जात होती. दार लागत नव्हतं. आई एकदा भाजी चिरताना म्हणाली, ‘‘अहो, निदान एकदा घोळवून तरी ठेवा. भांडं वापरात नसलं की काळं पडतं.’’ त्यांनी हात झटकला. ‘‘तीस वर्षं म्हटलेली चीज विसरतं का कोणी?’’

मग बाबांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. पाणी हवं असलं तरी ‘आ, आ’ करत, आणि आम्ही अंदाज करत बसायचो. त्याच सुमारास मध्य भारत मोडून मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली, आणि मागोमाग दादाच्या ऑफिसलाही हुकूम आला. दसरा करून सगळ्यांनी निघायचं ठरलं. भांडी पोत्यांत भरली, गाद्यांच्या वळकट्या झाल्या. तंबोरा तेवढा गवसणी घालून कोपऱ्यात उभा होता.

दसऱ्याच्या सकाळी बाबांनी डाव्या हाताने मला खूण केली, मग तंबोऱ्याकडे बोट केलं. मी लावला. त्यांनी दाराकडे पाहिलं. मी उठून दार लावलं. तेव्हा मला कळलं की वेळ आली आहे.

बोलता न येणारा माणूस गाऊ शकतो हे मला ठाऊक नव्हतं. बाबांच्या वाकड्या तोंडातून अस्ताई अलगद बाहेर आली, शब्दांसकट. मी रडत होते आणि मागे म्हणत होते. मग त्यांनी डोळे मिटले आणि अंतरा उचलला. तव्यावरचा.

मला वाटलं, मीच चुकीचं ऐकतेय. दार ढकलून आई आत आली, हात पिठाचे. ‘‘हा नव्हे हो,’’ ती हळूच म्हणाली. बाबांनी मान हलवली, पुन्हा अस्ताई धरली, पुन्हा चढले, पुन्हा तोच. दुकानात रोज संध्याकाळी जो ऐकला, ज्यावर मान डोलवली, तोच. आई म्हणत होती, ‘‘असा नव्हे, तो वर जाऊन जरा थांबायचा, माझी पोळी तव्यावर राहायची.’’ ‘‘पुढे काय, आई?’’ मी विचारलं. ती तोंड उघडून उभी राहिली. एवढी वर्षं ऐकलेलं, पण बाईमाणसाने मोठ्याने म्हणायचं नाही म्हणून एकदाही ओठांवर न आलेलं, ते आता येईना.

बाबांनी पुन्हा पुन्हा करून पाहिलं. मग तंबोऱ्याच्या तारांवर पंजा ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिले. ते बघणं मला आजही सोसत नाही.

भोपाळला त्याच थंडीत ते गेले. रॉयल्टी पुढे आईच्या नावाने काही वर्षं येत राहिली. मला ग्वाल्हेरला मुलींच्या शाळेत गाण्याची नोकरी लागली, तशी मी आईला घेऊन परत आले, आणि पुढे दर्पण कॉलनीत घर केलं. शिकायला येणाऱ्या पोरी आता मोबाइलवर बाबांचा तवा लावतात. ‘‘मॅडम, बघा ना, ओरिजिनल मिल गया.’’ मी त्यांना तोच शिकवते. दुसरा आहे कुठे माझ्याकडे?

आई होती तोवर मी सकाळी ही चीज म्हणायला बसले की माझ्यासमोर येऊन बसायची. अस्ताई डोळे मिटून ऐकायची. अंतरा सुरू झाला की उठून आत जायची. मला तिचा राग यायचा, एकदा तर मी भांडलेसुद्धा. आता ती नाही. मी अंतरा म्हणते, आणि उठून जाणारं कोणी उरलेलं नाही.