दवाखान्याचा रस्ता

नर्सची नोकरी सोडायची, असं मी जवळजवळ ठरवलं होतं. चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरच्या सुमाराची गोष्ट. सांगलीत असताना एक बाळ माझ्या हातात जन्मलं आणि रडलंच नाही. तुमची चूक नाही, असं डॉक्टर म्हणाले, पण त्यानंतर माझं देवाशी बोलणं खुंटलं. लहानपणापासून ज्या गणपतीला सगळं सांगायची, त्याला आता काय विचारावं तेच कळेना. तशातच कडेगावच्या बाजूला बदली झाली. खोलीपासून दवाखाना चार मैल. पांढऱ्या साडीचा पदर खोचून, कॅरिअरला बाळंतपणाची पेटी बांधून मी सायकलनं जायची.

जेमतेम आठवडा झाला असेल. सकाळी दाट धुकं होतं. कालव्याच्या कामासाठी नेहमीचा रस्ता खणून ठेवलेला. फाट्यावर घोंगडी पांघरलेले एक आजोबा बसले होते. मी ओरडून विचारलं, "आजोबा, दवाखान्याकडं कुठला रस्ता?" त्यांनी काठीनं डावीकडे दाखवलं.

दोन्ही बाजूंना ऊस, खाली बैलगाड्यांच्या चाकोऱ्या. बराच वेळ गेला तरी दवाखान्याचं चिन्ह दिसेना. मला रडू यायला लागलं. परत फिरावं तर किती लांब आले याचाही अंदाज नव्हता. तेवढ्यात वस्तीवरून एक बाई धावत आली आणि तिनं सायकलचं हँडलच धरलं.

"आवं बाई, तुमाला कुणी सांगितलं? आमचा माणूस तर आत्ताच तिकडं गेलाय तुमाला आणाया!"

तिची सून पहाटेपासून अडली होती. मी आत गेले. हात धुतले, पेटी उघडली. बाळ आलं ते निळसर, गळ्याभोवती नाळेचा वेढा. तो सोडवला, तोंड पुसलं, पाठ चोळली. आवाज नाही. सांगलीचं ते बाळच पुन्हा समोर आल्यासारखं वाटलं. तोंडाला तोंड लावून हलकेच श्वास देत राहिले. किती वेळ, आठवत नाही. मग ते कुरकुरलं आणि एकदम टाहो फोडून रडलं. मीही रडले.

मी तिथं कशी पोचले ते ऐकून सगळे म्हणाले, फाट्यावर देवच बसला होता. मलाही तसंच वाटलं. पण चार दिवसांनी ते आजोबा बाजारात भेटले, भाजी घेताना. मी पाया पडले तर गोंधळून म्हणाले, "मला कमी ऐकू येतं, बाई. तुमी कारखाना इचारला न्हवं?"

त्या दिवशी मी फार वेळ सायकल हातात धरून चालत राहिले. दवाखाना म्हटलं, कारखाना ऐकलं, एवढंच? मग ते बाळ? आणि सांगलीच्या बाळाला वाचवायला असं कुणी का चुकलं नाही? याचा उलगडा मला आजही झालेला नाही. पण राजीनामा दिला नाही, आणि पुढं निवृत्त होईपर्यंत रस्ता चुकला तरी कधी चिडले नाही. खाली उतरून आधी बघायची, इथं कुणाला माझी गरज आहे का. कुठं न्यायचं ते त्या गणपतीनं ठरवावं. माझ्याकडून पायडल थांबू नये, एवढंच.