हळूमास्तरांचा एक स्टार

हळूमास्तरांचं खरं नाव त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या पाटीवर लिहिलेलं होतं, पण ती पाटी कुणी वाचत नसे. शिकायला आलेल्या प्रत्येकाच्या कानावर पहिल्या दिवसापासून एकच शब्द पडायचा, "हळू." गाडी सुरू करताना हळू, वळताना हळू, गाडी नुसती उभी असली तरी हळू. घरीसुद्धा कुणी कढईत जोरात उलथनं फिरवलं की मास्तरांचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जायचा. त्यांचे शिष्य शहरात कुठेही ओळखू यायचे, कारण त्यांच्या मागे कायम हॉर्न वाजत असायचे.

अशा माणसाच्या पायावरून गाडी गेली. झालं असं की मास्तर गाडीच्या मागे उभे राहून "येऊ द्या, येऊ द्या" करत होते आणि गाडीत एक दातांची डॉक्टर बसली होती. बाई आज्ञाधारक. ती येत राहिली. नेमकं "बस" म्हणायच्या वेळी मास्तरांना शिंक आली.

पाय प्लास्टरमध्ये गेला. डॉक्टरबाईला इतकं वाईट वाटलं की दुसऱ्याच दिवशी ती आपलं गेम खेळायचं मशीन उचलून मास्तरांच्या घरी आली. टीव्हीला वायरी जोडल्या, मास्तरांच्या हातात कंट्रोलर दिला आणि म्हणाली, "वेळ जाईल तुमचा. खजिना शोधायचा गेम आहे, अगदी सिनेमासारखा. आणि मास्तर, यात जीप पण आहे." 'सावकाश चालवा' एवढं बोलायचं तिने टाळलं.

मास्तरांची बायको चष्म्याच्या दुकानात होती, सकाळी जायची ती संध्याकाळी परतायची. दिवसभर घरात उरायचे मास्तर आणि त्यांच्या सासूबाई. सासूबाई लेकीकडे राहायला येऊन बरीच वर्षं झाली होती आणि जावयाशी त्यांचं भांडण म्हणून कधी झालं नव्हतं. व्हायला बोलणं तर हवं! "चहा टाकू?" "चालेल, आई." "साखर?" "बरं." एवढ्यावर दोघांचं छान चाललं होतं.

गेममध्ये एक धट्टाकट्टा तरुण एका बुडालेल्या राज्याचं सोनं शोधत रानोमाळ हिंडत होता. मास्तरांनी त्याला जीपमध्ये बसवलं आणि पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर आरसे नीट करायला गेले. आरसे नव्हतेच. हॉर्नचं बटण शोधलं, तेही नव्हतं. मागून बंदूकवाले धावत येत होते, पुढे लाकडी पूल कडाकडा मोडत होता, आणि मास्तर पुलाच्या तोंडाशी गाडी थांबवून उजवीकडे-डावीकडे बघत होते. तरुण मेला. पुन्हा जिवंत झाला, मास्तर पुन्हा थांबले, तो पुन्हा मेला. असं दुपारपर्यंत चाललं, मग थांबत थांबतच कसाबसा पूल पार झाला.

सासूबाई मागे खिडकीजवळच्या खुर्चीत बसून वाटाणे सोलत होत्या. त्यांनी सगळं पाहिलं. फक्त वाटाणे जरा जोरात सोलले गेले.

संध्याकाळी मास्तरांना कळलं की या गेमच्या पानावर खेळणाऱ्यांना आपलं मत लिहिता येतं. मत देणं हा तर त्यांचा धंदाच. त्यांनी फोनवर एका बोटाने टाइप केलं: "जीपला आरसे नाहीत, हॉर्न नाही, इंडिकेटर नाही. नायक मागे न बघता गाडी मागे घेतो. याला लायसन्स कुणी दिलं? दगडी देवळं सुंदर काढली आहेत, म्हणून एक स्टार." खाली नाव टाकलं, हळूमास्तर.

इतर लोकांनी त्या गेमला ढीगभर स्टार दिले होते. कुणी धबधब्यांवर खूश होतं, कुणी संगीतावर, कुणी म्हणत होतं की मारामाऱ्या जरा जास्तच आहेत. त्या गर्दीत मास्तरांचं मत असं उठून दिसलं की सकाळपर्यंत त्यावर लाइकचा पाऊस पडला. आणि त्याखाली 'जाडभिंग' नावाच्या कुणीतरी उत्तर लिहिलं होतं: "मागून गोळ्या येत असताना आरशात काय बघायचं, भांग? खजिना शोधायला निघालात की लायसन्स तपासायला?"

मास्तरांच्या कपाळाची शीर उडू लागली. जाडभिंग म्हणजे कॉलेजात नापास होणारा, केस डोळ्यांवर आलेला कुणीतरी टवाळ पोरगा असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं.

आता आपल्यात लपवायचं काय? जाडभिंग म्हणजे सासूबाई. त्या रोज रात्रीच्या जेवणाआधी लेकीने घेऊन दिलेल्या टॅबलेटवर शब्दकोडी सोडवत असत. त्या दिवशी कोडं बाजूला राहिलं. बाई हुशार. 'मी म्हणते', 'मी बघत होते' असलं काही लिहायच्याच नाहीत, म्हणजे बाई की बुवा हे कळायची सोयच नाही.

आणि मग रोजच जुंपू लागली. दिवसा एकाच खोलीत दोघं गेम बघायचे, अक्षर न बोलता. संध्याकाळी मास्तर हॉलमध्ये आणि सासूबाई आतल्या खोलीत बसून एकमेकांवर तुटून पडायचे.

एकदा गेममध्ये त्या तरुणाचा म्हातारा गुरू सोबतीला आला. त्याची दाढी आणि गोड बोलणं बघूनच सासूबाईंनी हातातलं काम बाजूला ठेवलं. न राहवून त्यांनी वर्षानुवर्षांचा नेम मोडला. "जावईबापू, या म्हाताऱ्यावर विश्वास ठेवू नका."

"माझ्या हातात कुठे आहे, आई? हा गेम मला काही ठरवूच देत नाही," मास्तर म्हणाले. तेवढ्यात म्हाताऱ्याने तरुणाला विहिरीत ढकललं. सासूबाई पदराने डोळे पुसत स्वयंपाकघरात गेल्या.

त्या संध्याकाळी हळूमास्तरांनी लिहिलं: "हा गेम आहे की सिनेमा? मला फक्त चालवतात. निर्णय सगळे तेच घेतात. म्हातारा लबाड आहे हे आमच्या घरी लोकांना पाच मिनिटांत कळलं, पण सांगायला बटण नाही."

जाडभिंगचं उत्तर पाठोपाठ आलं: "घरच्या त्या माणसांचं ऐकत जा, ती शहाणी दिसतात. पण निर्णय तुमच्यावर सोडले असते, तर तुम्ही अजून पहिल्याच दारात पाय पुसत उभे असता."

मास्तरांना पहिलं वाक्य आवडलं आणि दुसऱ्याने रात्रभर झोप लागली नाही.

तोवर त्या पानावर दोन तट पडले होते. काही लोक मास्तरांच्या पद्धतीने खेळू लागले. जीप पादचाऱ्याच्या वेगाने चालवायची, जुनी मडकी फोडायची नाहीत, बंदूकवाल्यांना आधी वाट द्यायची. त्यातल्या कुणाचाच खेळ पुढे सरकत नव्हता, पण सगळे म्हणायचे की मनाला फार शांत वाटतं. दुसरा तट जाडभिंगचा. त्यांचं म्हणणं, गोष्ट रंगात आली असताना हिशेबी डोकं बाजूला ठेवावं आणि मुकाट्याने उडी मारावी.

शेवटचा खटका उडाला तो लटकण्यावरून. विहिरीत पडायच्या आधी तो तरुण उठसूट कुठल्यातरी कड्याला बोटांनी लटकायचा आणि वर लटकल्या लटकल्या मैत्रिणीशी गप्पा मारायचा. मास्तरांनी लिहिलं: "भरल्या अंगाचा पुरुष बोटांवर लटकून थट्टामस्करी करूच शकत नाही. हे साफ खोटं आहे."

जाडभिंगने विचारलं: "तुम्ही कधी लटकून पाहिलंय? आधी लटका, मग मत द्या."

त्याखाली इतके हसरे चेहरे उमटले की मास्तरांनी फोन उशीखाली ठेवून दिला.

प्लास्टर निघालं. पायाचे व्यायाम झाले. मास्तर घरातल्या घरात चालू लागले, आणि एका सकाळी, सासूबाई ओट्याशी गुंतलेल्या बघून, स्टूल घेऊन मागच्या अंगणात गेले. तिथे त्यांच्या आणि शेजारच्या शिंप्याच्या अंगणांच्या मध्ये एक भिंत होती. आपल्या बाजूने लटकावं तर स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणार. म्हणून मास्तर स्टुलावरून भिंतीवर चढले, पलीकडे पाय सोडले, हळू हळू उतरले आणि लटकले. शिंप्याच्या बाजूला जमीन बरीच खोल आहे, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

लटकल्या क्षणी त्यांना दोन गोष्टी कळल्या. पहिली, आपलं मत शंभर टक्के बरोबर होतं. दुसरी, वर जायचं कसं याचा आपण विचार केलेला नाही. बोटं रडकुंडीला आली. शर्ट काखेत टर्रकन उसवला. खाली बघायची छाती होईना. मास्तरांनी डोळे घट्ट मिटले आणि आधी हळू, मग जोरात हाक मारली, "कुणी आहे का?"

सासूबाई हातातला झारा घेऊनच बाहेर आल्या. अंगणात कुणी नव्हतं. एक स्टूल होतं आणि भिंतीच्या काठावर आठ बोटं होती.

"जावईबापू?" त्यांनी बोटांना विचारलं.

"हो, आई."

"तिकडे काय करताय?"

बोटं जराशी हलली. "काही नाही. असंच... व्यायाम."

"बोलायला त्रास होतोय का?"

"खूप."

आता इथे गप्प बसायला हवं होतं हे सासूबाईंनी नंतर स्वतःही कबूल केलं. पण इतक्या दिवसांचा वाद असा समोर भिंतीवर येऊन लटकलेला, त्यांना राहवेना. झारा उंचावून त्या म्हणाल्या, "लटकून पाहिलंत ना? द्या आता मत!"

एक बोट उचललं गेलं आणि परत टेकलं.

"जाडभिंग?" पलीकडून अगदी बारीक आवाज आला.

"हो," सासूबाई म्हणाल्या. "आणि गॅसवर भाजी आहे, तेव्हा लवकर काय ते बोला."

"आई, तुम्ही मला भांग पाडायला सांगितलंत!"

"आरशात भांग बघता का, असं विचारलं. नीट वाचत जा."

"पहिल्या दारात पाय पुसत उभा राहीन म्हणालात!"

"मग? राहिला नसतात?"

हा संवाद चालू असताना शिंपी आपल्या दारात कधीचा उभा होता. दातांत धरलेली टाचणी काढून तो म्हणाला, "मास्तर, तुमचं घरगुती बोलणं होऊ द्या निवांत. फक्त पाय टेकवायचे असतील तर जरा डावीकडे टेकवा, उजवीकडे माझी वांगी आहेत."

मास्तर प्लास्टरमध्ये असताना शिंप्याने तिथे मातीची भर टाकून वाफे केले होते. मास्तरांनी एक डोळा उघडला. जमीन त्यांच्या चपलांच्या खाली वीतभर होती. त्यांनी हात सोडले, डावीकडे उतरले, शिंप्याला नमस्कार केला आणि रस्त्याने वळसा घालून पुढच्या दाराने, उसवलेला शर्ट हाताने धरून, घरात आले.

त्यानंतर मास्तर रुसले. चहाला "चालेल" नाही आणि साखरेला "बरं" नाही. शेवटी सासूबाईच हॉलमध्ये येऊन त्यांच्या शेजारी सोफ्यावर बसल्या. एरवी त्या कधी तिथे बसत नसत.

"तोंडावर बोलले असते तर तुम्ही काय म्हणाला असतात?" त्यांनी विचारलं.

मास्तरांनी प्रामाणिकपणे विचार केला. "बरं, म्हणालो असतो."

"मग! मला 'बरं' नको होतं. मला भांडायचं होतं. तुमची लेखणी चांगली चालते हो, तोंडच तेवढं पार्क केलेलं असतं."

मास्तरांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात लपवलं. मग कंट्रोलर हातात घेत म्हणाले, "विहिरीतून बाहेर पडायचं दार सापडत नाहीये मला."

"त्या मूर्तीच्या मागे आहे. किती दिवस झाले बघतेय मी."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही विचारलंत का कधी?"

पुढचा सगळा गेम दोघांनी मिळून खेळला. मास्तर जीप चालवायचे आणि सासूबाई शेजारून ओरडायच्या, "आता दाबा! अहो, पूल पडतोय, दाबा!" पहिल्यांदा जेव्हा मास्तरांनी न थांबता एक पूल ओलांडला, तेव्हा दोघंही इतक्या मोठ्याने ओरडले की शिंपी काय झालं बघायला आला आणि चहा पिऊन गेला. लबाड म्हातारा दरीत पडला तेव्हा सासूबाईंनी शिरा केला.

शेवटी खजिना सापडला. डोळे दिपतील एवढं सोनं! तरुणाने हात लावायच्या आत छत कोसळलं, समुद्र आत घुसला आणि सगळं पाण्याखाली गेलं. तरुण आणि त्याची मैत्रीण एका फळकुटावर बसून हसू लागले.

"हसताय काय?" सासूबाई पडद्याकडे बघून कडाडल्या. "एवढं केलं आम्ही, एक हार तरी उचलायचा!"

"सोनं आधी बाहेर काढायचं, मग मिठ्या मारायच्या," मास्तर म्हणाले. "साधी गोष्ट आहे."

या एका मुद्द्यावर दोघांचं जन्मात पहिल्यांदा एकमत झालं. त्यांनी दोन्ही नावांनी मिळून एक लांबलचक मत लिहिलं. दोन्ही तटांचे लोक ते वाचून चक्रावले. एकाने तर विचारलं की, तुम्हा दोघांचं जमलं की काय? सासूबाईंनी त्याला असं झापलं की त्याने आपला फोटो बदलला.

राहता राहिली मास्तरांची बायको. तिला या सगळ्यात काडीचा रस नव्हता. पण मशीन परत न्यायला डॉक्टरबाई येणार होती, त्या रविवारी बायको सहज म्हणाली, "बघू तरी, काय आहे एवढं." तिने कंट्रोलर घेतला. गोष्ट सांगणारा एकूण एक प्रसंग बटण दाबून उडवला. म्हाताऱ्याला तोंडही उघडू दिलं नाही. वाटेतली सगळी मडकी फोडली, आणि मग जीप सरळ कड्याच्या दिशेने सुसाट सोडली.

"हळू!" मास्तर ओरडले.

"अगं, त्या म्हाताऱ्याचं ऐकून तर घे काय म्हणतोय!" सासूबाई ओरडल्या.

जीप दरीत गेली. बायकोने एक लांब, समाधानाचा श्वास सोडला. दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवणारी ती बाई म्हणाली, "वा! अजून एकदा." आणि तिने जीप पुन्हा दरीत घातली. मग पुन्हा.

दारात डॉक्टरबाई येऊन थांबली होती. तिला आत या म्हणायचं कुणाला सुचलं नाही. ती चपला काढून सोफ्याच्या कडेला टेकली, आणि थोड्या वेळाने म्हणाली, "ताई, पुढच्या खेपेला जरा डावीकडून घ्या. तिकडची दरी जास्त खोल आहे."