कूलर चालू असताना

संक्रांतीनंतर सासूबाईंना छातीत पहिली कळ आली आणि तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला. दुखलं की ताबडतोब गोळी जिभेखाली ठेवायची, डॉक्टरांनी बजावलं होतं. बाटली त्यांच्या उशाशीच असे. पण हात थरथरत, झाकण काही उघडत नसे. म्हणजे कोणीतरी धावत जायलाच हवं. आणि या बाईंना झोपायचं मागच्या खोलीत, तेही एकटंच! मी म्हटलं, तिथं माझी गादी घालते. तर म्हणाल्या, "माह्यावर पहारा काहून?" झालं. काटोलकडची बाई, एकदा नाही म्हटलं की नाही.

मग ह्यांच्या डोक्यात वायरिंगचं खूळ शिरलं. सदर बाजारातून वायरची गुंडाळी आणि घंट्या आल्या. सुटीच्या दिवशी हे स्टुलावर, हातात हातोडी. सासूबाईंच्या खाटेशी बटण, आणि तिथून वायर निघाली ती मधल्या खोलीतून स्वयंपाकघरात, तिथून व्हरांड्यात. तिन्ही ठिकाणी घंट्या. भिंतींचे पोपडे माझ्या मसाल्याच्या डब्यांत पडले. मी खूप बडबडले, पण मनातून म्हणत होते, होऊ दे एकदाचं. लाईन गेली तरी वाजली पाहिजे म्हणून ह्यांनी सगळं सेलवर बसवलं. एवढं बरं डोकं चाललं!

मग परीक्षा. हे बटण दाबायचे आणि मी खोल्याखोल्यांतून ओरडायची, "वाजली! इथंही वाजली!" समोरच्या खोलीत घंटी नव्हती, पण तिथंही मधल्या खोलीतली छान ऐकू येत होती. सासूबाई खाटेवरून बघत होत्या. "काहून गा," त्या ह्यांना म्हणाल्या, "सुनेले घंटी वाजवून बोलवाले मी काय साहेबीण आहो?"

होळी झाली. गच्चीवरचा पत्र्याचा कूलर खाली आला, वाळ्याच्या नव्या ताट्या लागल्या आणि तो समोरच्या खोलीच्या खिडकीत बसला. सासूबाईंना ओल्या हवेनं सांधे धरायचे, म्हणून त्यांच्या खोलीत कूलर नाही. नागपुरात जन्म गेला आमचा, पण कूलर लावून घंटी पुन्हा वाजवून बघावी, हे घरात कोणाच्या म्हणून मनात आलं नाही.

मे महिन्यातली दुपार. हे ऑफिसात. जेवणं आटोपून मी समोरच्या खोलीत आडवी झाले. आमचा कूलर म्हणजे कानाशी पिठाची गिरणीच. त्या घरघरीत डोळा लागला. मग लाईन गेली. कूलर हळूहळू थांबला, आणि घंटी ऐकू आली.

ती तेव्हा सुरू झाली नव्हती. आधीपासून वाजत होती.

धावले. सासूबाई भिंतीला कलंडलेल्या, अंग घामानं चिंब, ओठ काळेनिळे. अंगठा बटणावर तसाच दाबलेला. बाटली घेतली तर माझेच हात असे कापत होते की झाकण माझ्याच्यानंही उघडेना. देवा रे! शेवटी दातांनी उघडलं. गोळी जिभेखाली ठेवली आणि शेजाऱ्यांना डॉक्टरांकडे पिटाळलं. सासूबाईंचा श्वास ताळ्यावर येईपर्यंत मी त्यांचे तळवे चोळत बसले आणि रडत होते.

त्या वाचल्या. संध्याकाळी मी विचारलं, "आई, किती वेळ वाजवत होता हो?"

"मले काय माहीत," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, तू येऊनच राहिली."

दुसऱ्या दिवशी हे मोठी घंटी आणि आणखी वायर घेऊन आले, लगेच स्टुलावर चढले. सासूबाईंनी खाटेवरूनच दटावलं, "उतर गा खाली. पुरे झाल्या वायरी." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुही गादी आण वं इकडे."

त्या खोलीत उकाड्यानं नुसती काहिली व्हायची. मी खाली गादीवर, त्या वर खाटेवर. झोपताना त्या एक हात खाली सोडायच्या, माझ्या दंडापर्यंत. झोपेत मधेच त्यांचा अंगठा जोरात दाबला जायचा. मी धडपडत उठून बघायची, तर बाई गाढ झोपलेल्या. मग मी दंड पुन्हा त्यांच्या हाताखाली नेऊन ठेवायची.