तात्यापाऱ्यातला चंद्रोदय

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं आणि गावाला अफवांचं वेड लागलं. मंत्रालय कुठे जाणार, कोणाच्या धानाच्या शेताला सोन्याचा भाव येणार, आमच्या तात्यापाऱ्यातला रस्ता रुंद होणार की नाही, यावर पानठेल्यापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळे छातीठोक बोलत. आमच्या टोळीच्या अफवा मात्र वेगळ्या होत्या. आम्ही दर उन्हाळ्यात अमेरिकेतल्या एका कंपनीच्या परिषदेची वाट पाहत असू. ही कंपनी फोन बनवायची आणि जूनमध्ये जगभरच्या प्रोग्रामरांना बोलावून, यंदा फोनात नवीन काय येणार ते जाहीर करायची. त्याआधीचे दोन महिने आमच्या अंगात आलेलं असायचं.

अड्डा होता आमच्याच गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरकडे. दुपारी पेशंट नसले की त्याच्या दवाखान्यातल्या बाकावर आम्ही पाच-सहा जण बसायचो आणि बॅटरी किती टिकेल, कॅमेरा कसा असेल, यावर भांडायचो. डॉक्टरचं घराणं भोसल्यांच्या काळापासून रायपुरात. त्याला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीतच यायचं. त्या टोळीत बाई मी एकटीच आणि आवाज सगळ्यांत मोठा माझाच. नम्रपणा मला कधी जमला नाही आणि त्याची मला फारशी गरजही पडली नाही.

मी राहायचे मावशीकडे. वडील रेल्वेत होते, बदली झाली तेव्हा घरचे गोंदियाला गेले आणि मी शिक्षणासाठी मावशीजवळ राहिले ती राहिलेच. काका गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. मावशी लग्नं जुळवायची. नागपूर, गोंदिया, रायपूर, बिलासपूर, कुठल्या मराठी घरात कोण उपवर आहे हे तिला तोंडपाठ. भाची तेवढी बिनलग्नाची राहिली, त्यावरून लोक तिला चिडवत. ती म्हणायची, "माह्या घरचा माल मी स्वस्तात नाही देत."

मावशी दर संकष्टीला उपास करायची. चंद्र उगवला की त्याला अर्घ्य द्यायचं, मग जेवायचं. चंद्रोदयाची वेळ ती भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहायची. ते कॅलेंडर दर दिवाळीला तिची नणंद पुण्याहून पाठवायची. म्हणजे वेळ पुण्याची. रायपूर पुण्याच्या किती पूर्वेला! आपला चंद्र अर्धा तास आधीच वर येतो. पण हे कोणाच्या ध्यानात यायचं नाही, कारण गल्लीत चहूकडे इमारती आणि क्षितिजावर सिलतऱ्याच्या कारखान्यांचा धूर. उगवता चंद्र कोणाला दिसायचाच नाही.

एका हिवाळ्यात आकाश स्वच्छ होतं. आम्ही गच्चीवर गेलो तर चंद्र समोरच्या पाण्याच्या टाकीवर मजेत येऊन बसलेला. मावशीने त्याच्याकडे पाहिलं, हातातल्या घड्याळाकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "अजून उगवला नाही."

"मावशी, तो काय समोर!"

"दिसून राहिला मले. पण वेळ नाही झाली."

मी पोट धरून हसले. मग रागावले. भुकेलेली बाई, समोर चंद्र, आणि विश्वास छापील कागदावर! त्या आठवड्यातच मी फोनसाठी एक ॲप लिहायला घेतलं. आपण जिथे उभे आहोत तिथली तिथी आणि तिथल्या चंद्रोदयाची वेळ, बस, एवढंच. मी तेव्हा नव्या रायपूरच्या वाटेवरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे. ॲप चाललं. आधी गल्लीत, मग बिलासपुरात, मग जमशेदपूर आणि कलकत्त्याच्या मराठी घरांत. जमशेदपूरच्या एका बाईंनी फोन करून सांगितलं, "अहो, तीस वर्षं मी मुंबईच्या चंद्रावर उपास सोडत होते." मी हवेतच गेले. नोकरी सोडली आणि पूर्ण वेळ हेच करायचं ठरवलं. मावशीला ते पसंत नव्हतं. "नोकरी सोडलेल्या पोट्टीचं स्थळ मी कोणाले सांगू?" म्हणाली. पण अडवलं नाही.

आणि दोन वर्षांनी ती अफवा आली.

एप्रिलची दुपार होती. मी दवाखान्यात शिरले तर डॉक्टरने माझ्या हातावर पेढाच ठेवला. "दीदी, पक्की खबर है. इस बार कंपनी खुद तिथी दे रही है फोन में. चांद निकलने का टाइम भी, हर शहर का अलग!" सगळे खुशीत. इतकी वर्षं आम्ही ओरडत होतो की या कंपनीला आपल्याकडचं काही कळत नाही, दिवाळी कधी ते फोनला माहीत नाही. आणि आता हे! परदेशातल्या एका मोठ्या साइटवर बातमी होती, "भारतातल्या जाणकार सूत्रांकडून" अशी.

माझ्या तोंडात पेढा तसाच राहिला. कंपनीची चाहती म्हणून मला नाचावंसं वाटायला हवं होतं, कारण ही मागणी सगळ्यांत जोरात मीच करत आले होते. पण फोनातच फुकट मिळणार असेल तर माझं ॲप कोण घेणार? दोन वर्षं एका घोषणेत पाण्यात जाणार होती. मी डॉक्टरच्या तोंडाकडे पाहत राहिले, तेव्हा उशिरा का होईना त्याच्याही हे लक्षात आलं. त्याने दुसरा पेढा परत डब्यात ठेवला.

तीन-चार दिवस मी घरात भांडी आपटत होते. मावशीने विचारलं, "काहून वं, कोणावर राग काढून राहिली?" मी सांगितलं. मला वाटलं, तिला काय कळणार. पण तिने पदर खोचला आणि मुलाची चौकशी करावी तशी सुरू झाली.

"ही गोष्ट कोणी सांगतली?"

"परदेशातल्या साइटने."

"तिनं पाह्यलं का ऐकलं?"

मी शोधलं. ऐकलं होतं. बातमीच्या तळाशी एका हिंदी ब्लॉगचा दुवा होता.

"मंग तो ब्लॉगवाला कोण?"

ब्लॉगवाला निघाला रायपुरातल्याच भनपुरीचा! तिथल्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात दिवसभर बिल्ट्या, म्हणजे ट्रकमधल्या मालाच्या पावत्या, बनवणारे पन्नाशीचे एक भैया, फोनचे शौकीन, संध्याकाळी ब्लॉग लिहायचे. मावशी म्हणाली, स्थळाची चौकशी फोनवर होत नाही, घर पाहावं लागते. मला स्कूटीवर मागे बसवून तिला भनपुरीला न्यावंच लागलं, म्हणजे चालवत मी होते, पण नेत ती होती. ट्रकांच्या रांगेतून वाट काढत आम्ही त्या ऑफिसात पोचलो. भैयांनी चहा मागवला आणि छाती फुगवून सांगितलं की त्यांचं सूत्र एकदम भरवशाचं आहे, तात्यापाऱ्यातले दातांचे डॉक्टर आहेत.

मी कपाळावर हात मारला. मावशी मात्र गालात हसत होती.

परतताना थेट दवाखाना गाठला. एका पेशंटच्या तोंडात कापूस होता, तरी मावशी आत गेली. डॉक्टर गडबडला. महिन्याभरापूर्वी दाढ काढायला आलेल्या भैयांना त्याने माझं कौतुक सांगितलं होतं. आमच्या गल्लीतल्या मुलीने असं असं बनवलंय, चांद का टाइम हर शहर का अलग, और कंपनी को तो ये खुद ले लेना चाहिए. भैयांचा जबडा तेव्हा बधिर होता, पण कान शाबूत होते. ब्लॉगवर "घ्यायला हवं"चं "घेणार आहे, असं ऐकतो" झालं, आणि सातासमुद्रापार जाऊन तेच "जाणकार सूत्र" झालं. म्हणजे ज्या बातमीने माझी झोप उडाली होती, ती बातमी मीच होते.

"स्थळ खोटं," मावशीने निकाल दिला. पेशंटनेही कापसासकट मान हलवली.

त्या दिवसापासून मी पुन्हा पहिल्यासारखी झाले, उलट थोडी जास्तच. टोळीतले बाकीचे अजूनही आशेवर होते, पण मी त्यांना हसत होते. अफवेचा उगम मला माहीत होता. तो दाढेच्या खुर्चीत होता.

परिषदेचं थेट प्रक्षेपण आम्ही कधी बघत नसू, कारण आमच्या गल्लीतलं नेट तेवढ्यात हमखास अडकायचं. रिवाज असा होता की दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना लवकर उघडायचा आणि सगळ्यांनी मिळून रेकॉर्डिंग पाहायचं. पोहे माझ्याकडे, जिलेबी डॉक्टरकडे. रेकॉर्डिंग पाहीपर्यंत कोणी बातम्या वाचायच्या नाहीत. त्या जूनमध्येही मी पोह्यांचं पातेलं घेऊन गेले आणि सगळ्यांना वाढलं. कंपनीचा माणूस मंचावर फिरत फिरत कॅलेंडरकडे आला. म्हणाला, आता जगातल्या अनेक पंचांगांची सोय. पडद्यावर नावांची रांग आली, त्यात आमचंही होतं. खाली छोट्या अक्षरांत चंद्रोदय, तुम्ही असाल त्या गावचा.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे पडद्याकडे न पाहता माझ्याकडे पाहत होते. अफवा खोटी होती, मुळापासून खोटी, आणि तरी गोष्ट खरी निघाली. इथून शब्द गेला म्हणून त्यांनी हे केलं असं समजण्याइतकी मी खुळी नव्हते. इतकी मोठी गोष्ट दीड-दोन महिन्यांत होत नसते. मी इथे माझं ॲप वाढवत होते तेव्हाच कधीतरी तिकडे कोणीतरी हे करायला बसलं असणार.

"दीदी, जिलेबी लो," डॉक्टर कसाबसा म्हणाला. मी घेतली आणि घरी येऊन रडले. चांगली हमसून रडले. मावशी दाराशी येऊन गेली.

संध्याकाळपर्यंत रडू संपलं आणि रागाने जागा घेतली. प्रोग्रामर म्हणून मला कंपनीची चाचणी आवृत्ती लगेच मिळत होती. ती फोनात घातली आणि चुका शोधायला बसले. मला खात्री होती, इतक्या लांब बसून यांना रायपूरचा चंद्र काय कळणार! पुढच्या वर्षभराच्या चतुर्थ्या काढल्या. रायपूर तपासलं, जमशेदपूर तपासलं, कलकत्ता तपासलं. एकेक वेळ माझ्या वेळेशी ताडून पाहिली. एकाही मिनिटाचा फरक नव्हता.

माझं गणित आजवर कोणी तपासलं नव्हतं. तपासणारं माणूसच रायपुरात नव्हतं. मी पुस्तकं वाचून, चुकत, खोडत ते केलं होतं आणि मनात कुठेतरी सारखी धाकधूक असायची, की इतक्या बायकांचे उपास आपल्या भरवशावर सुटतायत आणि आपलंच चुकत असलं तर? त्या संध्याकाळी ती धाकधूक गेली. मला हरल्याचं वाईट वाटत होतं आणि बरोबर असल्याचा आनंदही होत होता, आणि खरं सांगते, आनंद जास्त होता. पुढे वर्षभरात ॲप बंद पडलं आणि मी कॉलेजात परत गेले. चंद्रोदयाचं गणित मी अजूनही मुलांना फळ्यावर करून दाखवते, कोणाला न घाबरता.

पण ते पुढचं. त्याआधी पुढल्या महिन्याची संकष्टी आली. आभाळ गच्च भरलेलं, चंद्र दिसायचा प्रश्नच नव्हता. माझ्या ॲपची वेळ झाली तशी मी मावशीला हाक मारली. अर्घ्य झालं. दर वेळी इथवर झालं की मी माझं ताट घेऊन कॉम्प्युटरपाशी पळायचे, बायकांचे निरोप बघायला. मावशी म्हणायची, तू जेव, मी मागचं आवरून बसते. आता निरोप फारसे येत नव्हते, म्हणून मी स्वयंपाकघरातच थांबले. मावशीने विचारलं, "त्या कंपनीवाल्यांनी कोणती वेळ सांगतली?"

"हीच. माझीच."

"सारखीच? मिनिटही इकडंतिकडं नाही?"

"नाही."

"हव? मंग वाढ मले बी," म्हणाली आणि पाट ओढून बसली.

मी पळी हातात घेऊन उभी राहिले. "म्हणजे? दर वेळी तू कधी जेवायचीस?"

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. भिंतीवरच्या कॅलेंडराकडे बोट केलं. "त्याच्या वेळेवर. दोन वर्षं. आता घरच्या पोट्टीनं सांगतलं म्हणून उपास मोडू काय? तुले मी लहानपणापासून ओळखतो. पण त्या अमेरिकेतल्या लोकायले तू माहीत नाही, तुले ते माहीत नाही. दोघंबी तेच सांगून राहिले. म्हणजे तुयं बरोबरच होतं."

मला तिचा इतका राग आला, आणि ती इतकी भुकेली दिसत होती, की मी भात वाढला, वरण वाढलं, वर तूप जरा जास्तच सोडलं. पुण्याचा चंद्र उगवायला अजून चांगला अर्धा तास होता, आणि मावशीने दुसऱ्यांदा भात मागितला.