पाणी न विचारणारा डॉक्टर

दिवाळीनंतर परत जाताना तुम्ही दोघं नातवंडं माझ्या टॅबवर तो गुप्तहेराचा गेम टाकून गेलात. कुठपर्यंत पोचले ते दर रविवारी फोनवर सांगायचं, असं ठरलं. शाळेत इंग्रजी शिकवायचे त्याच शिस्तीने मी हे काम घेतलं. दोनशे पानी वही, समास आखलेला, प्रत्येक संशयिताला दोन पानं.

बेटावरचं हॉटेल, मालकिणीचा चोरीला गेलेला हार, सहा संशयित: माळी, डॉक्टर, स्वयंपाकीण, मालकिणीचा भाचा आणि दोन पाहुणे. गेम चांगला आहे, हे आधी सांगते. पुरावे लपवत नाही. नीट पाहिलं तर सगळं समोरच असतं. इंग्रजीही स्वच्छ. शिवाय ती माणसं कधी घाईत नसतात. बाभुळगावच्या या घरात दुपारी तीनला कुणाशी बोलावंसं वाटलं, तर हॉटेलचा माळी गुलाबांपाशी उभाच असतो. पण त्याची वाक्यं चार. पाचवा प्रश्न विचारला की पहिलंच वाक्य पुन्हा. ही मोठी उणीव. तुमचे आजोबा गेल्यापासून शांततेची मला सवय झाली आहे, पण ते वाक्य दुसऱ्यांदा ऐकलं की घर जास्तच रिकामं वाटतं.

दुसरं म्हणजे, गेममधला गुप्तहेर न विचारता लोकांचे कप्पे उघडतो. मला ते जमेना. दोन आठवडे मी डॉक्टरच्या खोलीत नुसतीच उभी राहिले.

एकदा शेजारीण तुरीच्या ओल्या शेंगा घेऊन आली. मी दिलेलं पाणी पीत तिने टॅबमध्ये डोकावलं. "काकू, हा डॉक्टर काय म्हन्ते?"

"बसा म्हणाला."

"पानी इचारलं त्यानं?"

"नाही."

"घरी आलेल्या मानसाले पानी नाही इचारत? मंग थोच चोर! लिवा वहीत."

मी लिहिलं. मला पटलंच ते. आपल्याकडे विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसालाही आधी पाणी देतात. रविवारी फोनवर मी डॉक्टरचं नाव दिलं आणि ते चुकलं. कारण ऐकून तुम्ही हसत सुटलात. "अगं आजी, त्या बेटावर कुणीच कुणाला पाणी देत नाही! गेममध्ये ते ठेवलेलंच नाही!" त्या दिवशी आपण चाळीस मिनिटं बोललो.

मग मी मन घट्ट करून कप्पे उघडले आणि खरा चोर कळला. तरी पुढच्या रविवारी मी स्वयंपाकिणीचं नाव दिलं. म्हटलं, तिच्या शेगडीवर चहाचं आधण नव्हतं. तुम्ही हसलात, पण थोडंच. धाकटा म्हणाला, "आजी, आम्ही तो केव्हाच संपवला. आता दुसरा खेळतोय." फोन सहा मिनिटांत संपला.

ती चूक मी मुद्दाम केली होती. आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या आणि स्वतः मात्र जाणूनबुजून चुकीचं उत्तर दिलं. बरोबर उत्तर दिलं की गेम संपतो, आणि रविवारी तुम्हाला सांगायला माझ्याजवळ काही उरत नाही.

चोर मालकिणीचा भाचा आहे. एकोणिसाव्या पानावर पुराव्यांसकट लिहिलंय. गेममध्ये त्याच्या नावाचं बटण अजून दाबलेलं नाही. या रविवारी तुम्ही फोनवर असताना दाबेन. नंतर तुम्ही काय जेवलात, कुणाशी भांडलात, ते विचारीन. पाचवा प्रश्नही विचारीन. तेव्हा "बरं चाललंय" हे पहिलंच वाक्य पुन्हा सांगू नका.